बुक्क्याची चिमूट

या, असे पुढे सरका. मागे उभे असाल तर तुम्हीही या, सतरंजी मोठी आहे. पोरं जागी असतील तर त्यांनाही मांडीवर घ्या, कारण आज सांगायची गोष्ट कुणाला घाबरवणारी नाही. एका बहिणीची आहे, तिच्या भावाची आहे, आणि एका अनोळखी माणसाची आहे. त्याचा श्वास त्या बहिणीच्या माडीवर अडकला होता. गोष्ट तशी उद्याची, अजून घडायची आहे. पण कीर्तनाला बसायची सवय असेल तर तुम्हाला ठाऊकच असेल, की बुवा एकदा वीणेकऱ्याच्या पुढे उभे राहिले की झालेलं आणि व्हायचं यांत फारसा फरक उरत नाही. सगळं आत्ता, समोर घडतं. तशीच ऐका.

आधी पूर्वरंग. शास्त्राचं थोडक्यात सांगून टाकते, मग आख्यानाला लागू.

रेशमाची अळी पाहिली असेल तुम्ही. तुतीच्या पाल्याशिवाय तिला जगात काही रुचत नाही. अंड्यातून निघते तेव्हा मुंगीहून बारीक असते, आणि महिन्याच्या आत बोटाएवढी होते. शेवटी शेवटी तिच्या अंगातल्या रेशमाच्या दोन ग्रंथी एवढ्या फुगतात की अळी म्हणजे तोंड लावलेल्या दोन पिशव्याच म्हणा ना. त्या पिशव्यांत असतं प्रथिन. धाग्याचा गाभा एका प्रथिनाचा, आणि त्याच्यावर डिंकासारखा चिकट थर असतो तो दुसऱ्याचा. शास्त्रज्ञांच्या मनात आलं, नुसता पाला खाऊन जो जीव एवढं प्रथिन घडवतो, त्याला माणसाच्या कामाचं प्रथिन घडवायला शिकवलं तर?

काही माणसांच्या शरीरात एखादं विकर जन्मापासून नीट बनत नाही. विकर म्हणजे शरीरातली बारीकसारीक कामं उरकणारं प्रथिन. ते नसलं की नको ते स्नायूंत साठत जातं. आधी पाय थकतात, मग श्वास ओढणारे स्नायू. त्या विकराची कृती, म्हणजे जनुक, अळीच्या ग्रंथीत बसवलं. अळी कोष विणू लागली की विकर आपोआप वरच्या डिंकात उतरायचं. कोष कोमट पाण्यात भिजवले की डिंक सुटे, आणि त्यातून औषध गाळून घेता येई. उकळून चालत नसे. उकळलं की विकर गेलं.

मग हे कारखान्यात का नाही केलं? केलं, फसलं. एका छताखाली लाखो अळ्या ठेवल्या की एकीचा रोग सगळ्यांना. शिवाय एकाला मानवलेलं विकर दुसऱ्याचं शरीर झिडकारतं. म्हणून ठरलं, की प्रत्येक रोग्याचं वेगळं वाण, आणि प्रत्येक वाणाला एक घर. त्या घरानं थोडे कोष बियाण्याला ठेवायचे, पतंग बाहेर येऊ द्यायचे, जोड्या लावायच्या, अंडी घ्यायची, पुढची पिढी वाढवायची. बाकीचे कोष औषधाला, कारण पतंग बाहेर पडताना कोष लाळेनं भिजवून फोडतो आणि तसा कोष औषधाला चालत नसे. रोग्याला घर माहीत नसे, घराला रोगी माहीत नसे. मध्ये एक संस्था, आणि संस्थेची माणसं.

झाला पूर्वरंग. आता चला तळेगव्हाणला.

जालन्याच्या अलीकडचं हे गाव. तिथं गयाबाई ढाकण्यांच्या माडीवर असं एक वाण होतं. वीत-वीत अंतरानं एकावर एक रचलेले रॅक, त्यांवर पाला, पाल्यावर अळ्या. गया हातानं चपळ आणि बोलायला कमी होती. तिची उणीव नवरा भरून काढी. मोतीरामचं तोंड थांबायचं नाही.

अळीला वास सोसत नाही. तिला नाक नाही, अंगाच्या दोन्ही बाजूंच्या बारीक छिद्रांतून ती श्वास घेते, आणि उग्र काही त्या छिद्रांत गेलं की खाणं टाकते, ओकते, पिळवटते. त्यामुळे अळ्या घरात असेपर्यंत ढाकण्यांच्या देवघरात उदबत्ती नाही, धूप नाही, कापूर नाही. वासाचं फूलही नाही. फक्त जास्वंद.

"आमच्या घरी देव बिनपगारी रजेवर हाय," मोतीराम पाहुण्यांना सांगायचा. "नुसतं जास्वंद बघून बसतोय बिचारा."

गयाला त्याचं काही वाटत नसे. जास्वंद तर जास्वंद. तिला लागायचं ते वेगळंच. अळ्या शेवटच्या वयात आल्या की तिला कीर्तनाला जाता येत नसे. तिथं अत्तर, धूप, आणि शेजारच्या बाईच्या केसांना लावलेलं तेल. ते सगळं लुगड्यात भरून माडीवर कसं न्यायचं? आणि कीर्तन म्हणजे तिचा जीव. त्यातून गावच्या सप्त्यात कीर्तनाला उभा राहणार होता तिचाच धाकटा भाऊ, भागवत महाराज सानप. आई गेल्यावर तिनं त्याला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. आता तीन तालुक्यांतली माणसं त्याच्या पायावर डोकं ठेवायची, आणि तो मात्र कीर्तन संपलं की आधी गर्दीत अक्काला शोधायचा, तिच्या कपाळाला बुक्का लावायचा, मगच फडक्यानं घाम पुसायचा.

त्या वर्षी कार्तिकात सप्ता बसला आणि माडीवर अळ्या नेमक्या शेवटच्या वयात आल्या. भागवतचं कीर्तन गयानं मोतीरामच्या फोनवरून ऐकलं. मोतीराम पुढच्या रांगेत फोन मांडीवर धरून बसला होता, त्यामुळे तिला अर्धं कीर्तन आणि अर्धं मोतीरामचं खोकणं ऐकू आलं. तरी ती तुतीच्या फांद्या पुढ्यात घेऊन, डोळे मिटून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि मोतीराम पाला तोडायला मळ्यात गेले. घराला नुसती कडी होती. आणि भागवत आला.

अक्का नाही म्हणून तो परत जाणारा माणूस नव्हता. माडीच्या दाराशी मोतीरामनं रंगानं पाटी लिहिली होती: 'पाय धुवा. कोट घाला. तंबाखू, अत्तर, उदबत्ती, कापूर आत नको.' भागवतनं पाय धुतले. हात कोपरापर्यंत धुतले. पांढरा कोट अंगात घातला. मिशीवर काल कुणी अत्तराचं बोट लावलं होतं, ते साबणानं घासून काढलं. एवढा नियमाचा माणूस. मग तो आत गेला.

आणि काय बघतो? कोष विणायच्या आधी अळी खाणं सोडते, अंगानं पिवळसर होते, अर्धं शरीर वर उचलते आणि आधार शोधत डोकं इकडून तिकडे हलवते. त्या सकाळी रॅकच्या रॅक तशा उठल्या होत्या. हजारो माना वर, हजारो माना डुलतायत, आणि खोलीत चकार आवाज नाही. तो जन्मभर डुलणाऱ्या माणसांपुढे उभा राहिलेला. त्याला दुसरं काय वाटणार? त्याला वाटलं, अक्काला यांच्यामुळे येता आलं नाही आणि हे तर सगळे इथंच बसलेत ऐकायला. त्याचे डोळे भरले. कमरेची डबी काढली, आणि कीर्तनात जसा तो रांगेतून फिरायचा तसा रॅकमधून फिरत बुक्क्याची चिमूट चिमूट त्यानं सगळ्यांवर उधळली.

आता म्हणाल, पाटी वाचली ना त्यानं? वाचली. पण पाटीवर वासाच्या वस्तू लिहिल्या होत्या. बुक्का त्याच्या लेखी वासाची वस्तू नव्हतीच. तो प्रसाद होता. त्यात कापूर असतो, वाळा असतो, नागरमोथा असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आपल्या आईच्या अंगाला वास येतो असं कधी कुणाच्या मनात येतं का?

गया पाल्याचा भारा घेऊन आली तेव्हा तो ओट्यावर बसून गुणगुणत होता.

"कव्हा आलास रे?"

"मघाशी. तू न्हाईस म्हणून तुझ्या मंडळींना भेटून आलो. काय डुलायलेत गं, अक्का. तुझ्या वाटचा बुक्का त्यांना लावून आलो बघ."

गयानं भारा टाकला नाही, ठेवला. मग ती जिना चढून गेली. तिच्या मागोमाग मोतीरामही धावला.

दुपारपर्यंत खिडक्या सताड उघडून, खालचा पाला बदलून, नवरा-बायको एकेक अळी उचलत राहिले. हिरवं पाणी ओकलेल्या एका बाजूला, जरा तरी मान उचलणाऱ्या दुसऱ्या बाजूला. भागवत मदतीला म्हणून दाराशी आला तर गया वळूनही न बघता म्हणाली, "तू खाली थांब." तो खाली थांबला. जेवायला बोलावलं तर आला नाही, आणि घरीही गेला नाही. मारुतीच्या पारावर जाऊन बसला. लोक पाया पडायला यायचे, तो पाय पोटाशी घ्यायचा.

जगल्या त्या अळ्यांनी चंद्रिकेवर कोष विणले. चंद्रिका म्हणजे बांबूच्या कामट्यांची गोल-गोल घरांची चौकट, हे इथल्या पोरांनाही ठाऊक असेल. एरवी दहा चंद्रिका गच्च भरायच्या. त्या खेपेला एक परडी भरली. कोष पांढरे होते, औषधाला चांगले होते, पण परडीभरच.

संस्थेच्या डॉक्टर शलाका बेंद्रे आल्या. वयानं लहान, ढाकण्यांच्या घरी चहाला हक्कानं बसणारी बाई. त्यांनी कोष उजेडापुढे धरून पाहिले, आणि चहाचा कप बाजूला ठेवून दिला.

"गयाताई, सरळच सांगते. एवढे कोष दोन्हीला पुरणार नाहीत. सगळे औषधाला दिले तर तुमच्या रोग्याला शिमग्यापर्यंत औषध मिळेल. पण वाण संपलं. नवं उभं करायला वर्ष जाईल. आणि सगळे बियाण्याला ठेवले तर वाण वाचेल, पुढची खेप शिमग्याला निघेल. पण तोवर त्यांना काही नाही."

"तुमच्याकडं राखीव अंडी असत्यात की थंडीत ठेवलेली," मोतीराम म्हणाला.

"असतात. ती एका हंगामापुरती टिकतात. नवी याच खेपेतून भरायची होती."

"मग कोष कापून आतला जीव अलगद काढू. कोष औषधाला, जीव बियाण्याला."

"चांगल्या ताकदीच्या खेपेत मी स्वतः करून दिलं असतं. ह्या आधीच मार खाल्लेल्या आहेत. कापायच्या धक्क्यात बहुतेक जातील, आणि मग ना हे ना ते."

गया इतका वेळ परडीकडे बघत होती. "औषध पाठवा," ती म्हणाली. "तिकडं माणूस दम तोडायला लागलंय आन् मी इथं बी राखत बसू?"

"ते तुम्हीही नाही ठरवायचं आणि मीही नाही. वाण धोक्यात आलं तर रोग्याला विचारायचं असा नियम आहे. मी त्यांना फोन करणार आहे. कारण म्हणून 'खोलीत वास शिरला' एवढंच सांगेन. महाराजांचं नाव यायची गरज नाही."

मोतीरामनं मान डोलावली. त्याला ते बरं वाटलं. गयाला नाही वाटलं.

"मला बोलू द्या त्यांच्याशी," ती म्हणाली. "नियमात बसत असंल तर."

डॉक्टरीणबाईंनी जरा विचार केला. "त्यांनी हो म्हटलं तर बसतं."

त्यांनी हो म्हटलं. फोन ओट्यावर मध्ये ठेवला. पलीकडून आधी कोंबड्याचा आवाज आला, मग माणसाचा. आवाज भरदार होता, पण चार शब्दांमागे थांबायचा, जिन्याच्या पायरीवर थांबावं तसा.

"कोण, ती रेशमावाली बाय काय?"

"व्हय. मी गया."

"मी वामन खोत. आमचो गाव... सावंतवाडीच्या अंगाक. दशावतारात काम करतंय. राजपार्ट." श्वास. "म्हणजे राजाचा काम. तुमच्याकडे... असता मा नाटक?"

"आमच्याकडं कीर्तन असतंय." आणि गयानं श्वास न घेता सांगून टाकलं. "माझा भाऊ कीर्तनकार हाय. त्यानं अळ्यांवर बुक्का टाकला. वाईट मनानं न्हाई, पण टाकला. त्याच्यानं तुमचं औषध गेलं. मी कुणाचं नाव झाकून तुमच्याशी बोलणार न्हाई."

पलीकडून हसू आलं. हसण्याचा खोकला झाला, खोकल्यावर कुणीतरी पाणी दिल्याचा आवाज आला.

"बाय गो, जल्मभर राजा झालंय मी. राक्षसांनी मारल्यानी... देवांनी मारल्यानी. बुक्क्यान मेलेलो राजा... अजून कोणी बघूक नाय."

"हसू नका, दादा."

"मगे काय रडू? रडूक दम लागता." तो थांबला. "डाक्टरीणबाय, तू सांग. औषध नाय घेतलंय... तर काय?"

"झोपताना श्वासाचं यंत्र लावावं लागेल, काका. पाय आणखी जड होतील. यंदा नाटकात उभं राहता येणार नाही. आणि कदाचित..."

"कदाचित कधीच नाय. बोल, लाजू नको. आणि घेतलंय तर?"

"तर हा हंगाम मिळेल. नंतरचं वर्ष अवघड."

कोंबडा पुन्हा ओरडला. गया ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"तू काय केलंस असतंस, बाय?"

"मी औषध पाठवलं असतं. आत्ताच्या आत्ता."

"होय मा? गुणाची गो." श्वास. "बी राख. माका घाई नाय."

"दादा, नीट इच्यार करा. घाईनं नका..."

"केलंय विचार. बी राख. आणि तुझ्या त्या भावाक सांग... यंदा माका रिकामो वेळ लय असतलो. येऊन गोष्टी सांग म्हणा."

गया परडी उचलून माडीवर ठेवून आली. मग पारावर गेली. भागवत तिला बघून उठला.

"माझा राग गेला म्हणाले तर खोटं होईल," ती म्हणाली. "पण त्या माणसानं तुला बोलावलंय. सावंतवाडीकडं. कीर्तन करायला न्हाई, सोबतीला. जाशील?"

"मी वीणा खाली ठेवलीय, अक्का. आता कीर्तन न्हाई."

"वीणेचं कोण इच्यारतंय? जाशील का तेवढं सांग."

तो गेला. एक पिशवी, दोन धोतरं. जाताना वाकला तिच्या पायाशी, आणि तिनं डोक्यावर हात ठेवला खरा, पण 'जा' एवढंच म्हणाली.

पुढचे महिने माडीवर गयानं जसं वाण राखलं तसं तिनं पोटची पोरंही राखली नसतील. कोष फोडून पतंग बाहेर आले. पांढरे, लठ्ठ, पंख असून न उडणारे. नर फडफडत मादी शोधायचे, गया त्यांना चाळणीखाली जोडीजोडीनं झाकायची, वेळ झाली की अलगद वेगळे करायची. मादीनं कागदावर अंडी घातली, मोहरीसारखी पिवळी. मग ती राखाडी झाली. मग आतून काळे ठिपके दिसू लागले. पतंगांना तोंडच नसतं म्हणावं इतकं कमी. ते काही खात नाहीत, चार दिवस जगतात, काम करून जातात. मोतीराम त्यांना केरात टाकायला निघाला तर गयानं तुतीच्या बुडाशी खड्डा करायला लावला.

"ह्यांचं तेरावंबी घालायचं का?" मोतीरामनं विचारलं.

"घाला. तुम्ही जेवायला बसा," गया म्हणाली. महिन्यानं त्या घरात कुणी हसलं ते तेव्हा.

भागवतचा फोन यायचा. सुरुवातीला तो नुसतं 'बरंय' म्हणायचा. मग हळूहळू सांगू लागला. तो वामनरावांना उठवायचा, आंघोळ घालायचा, पाठीला उशी लावून बसवायचा, झोपताना यंत्राचा मुखवटा नाकावर नीट बसतोय का बघायचा. आणि दोघं भांडायचे. भागवतच्या आख्यानात आणि वामनरावांच्या नाटकात एकच राजा, राज्य सोडून निघालेला. भागवत म्हणायचा, तो निघताना रडला असला पाहिजे, श्रोत्यांना तिथं पाझर फुटतो. वामनराव म्हणायचे, राजा रडना नाय, रडली तर राणी रडात, राजा फक्त मुकुट उतरवून खाली ठेवतलो आणि त्याच्याकडे बघूचो नाय. "असा उतरवता," म्हणून ते हात उचलायला जायचे आणि हात कानापर्यंतच पोचायचा. मग भागवत दुसरीकडे बघायचा.

ज्याच्या पायावर लोक डोकं ठेवायचे तो आता एका माणसाच्या पायाला तेल चोळत होता. त्याला त्याचं काही वाटतंय असं त्याच्या आवाजात गयाला कधी ऐकू आलं नाही. तिचाच आवाज हळूहळू मऊ होत गेला. एकदा तिनं विचारलं, "तुला तिथलं जेवण सोसतंय का रे? भातच असंल सगळा." त्या प्रश्नावर तो ताटावरून उठायचं विसरला. खरकटा हात तसाच घेऊन बसला होता, असं त्यानंच पुढे सांगितलं.

पौषात एक दिवस त्याचा फोन वेगळ्या वेळेला आला.

"अक्का, हितं एक पोरगी हाय. वामनदादांच्या बहिणीची नात. आर्वी नाव. शाळेतून येताना रोज ओसरीवर चढती. आज मी नीट बघितलं. पायरी चढताना दोन्ही हात गुडघ्यावर टेकती. म्हाताऱ्यासारखी."

गया पाला कापत होती. कोयता थांबला.

"दादांना इच्यारलं. आधी म्हणले, तुका काय करूचा आसा. मग म्हणले, तुका दिसला मा? कोणाक बोलू नको. तिला तेच हाय, अक्का. त्यांचंच. रक्ताची तपासणी आपण फोन केला त्याच्या आठ दिवस आधी आली व्हती. तेच विकर तिला चालणार, घरातलंच दुखणं हाय. त्यांना सगळं ठाऊक व्हतं."

"मग आपल्याला तेव्हा सांगितलं का न्हाई?"

"मी बी हेच इच्यारलं. म्हणले, पोरीचा नाव काढलंय असतंय तर तुझी बहीण जल्मभर एकेक अळी मेली की पोरगी मेली म्हणान बसली असती. माझा ओझा हलका. म्हाताऱ्या राजाचा."

गया तिथंच वाफ्यात खाली बसली. मोतीराम लांबून ओरडला, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही न्हाई. पाला कमी पडणार हाय. पलीकडच्या तुकड्यात बी तुती लावायला घ्या."

शिमग्याच्या आधी खेप निघाली. चंद्रिका भरल्या. राखीव अंडी थंडीत गेली, बियाण्याचे कोष वेगळे झाले, आणि उरलेले डॉक्टरीणबाई स्वतः घेऊन गेल्या. औषध दोघांत वाटलं गेलं. मुलीच्या पायांत ताकद टिकली. वामनरावांचा श्वास सावरला, यंत्र फक्त झोपेपुरतं उरलं. पण स्नायू गेले ते गेले. ते पुन्हा नाटकात उभे राहिले नाहीत. त्यांचा राजपार्ट गावातल्याच एका तरुणानं घेतला, आणि पहिल्याच प्रयोगात तो मुकुट उतरवताना रडला म्हणून वामनरावांनी त्याला दुसऱ्या दिवशी बोलावून झापलं.

चैत्रात माडी रिकामी होती. रॅक धुऊन, चुना मारून खोली उन्हाला सोडली होती. गया आणि मोतीराम पहिल्यांदा कोकणात गेले. तिथल्या देवळात ग्रामस्थांनी भागवतला उभं राहायला सांगितलं होतं. तो नको म्हणत होता, आणि वामनराव म्हणत होते, "माझ्या घरचो इतक्या महिन्यांचो भात खाल्लंस तो फुकट काय?"

म्हणून तो उभा राहिला. गया बायकांत बसली, शेजारी आर्वी. वामनराव खुर्चीत, अगदी पुढे. आख्यान त्याच राजाचं लावलं होतं. भागवतचा आवाज आधी बसल्यासारखा होता, मग मोकळा झाला. राजा राज्य सोडून निघण्याची वेळ आली. भागवतला ती जागा पाठ होती. तिथं आजवर हजारोंनी डोळे पुसलेले. तो त्या जागेशी आला आणि थांबला. टाळ थांबले. तो खुर्चीजवळ गेला, खाली बसला, आणि हात जोडून म्हणाला, "हितून पुढं राजानं बोलावं."

वामनरावांनी सभोवार पाहिलं. मान ताठ केली. मग बोलू लागले. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट तिथंच रचतो. त्यांनी तिथंच रचले. तीन शब्द आणि श्वास. तीन शब्द आणि श्वास. कुणी चुळबूळ केली नाही, कुणी घाई केली नाही. सगळं देऊळ त्यांच्याबरोबर श्वास घेत होतं आणि सोडत होतं. शेवटी त्यांनी हात वर न्यायचा प्रयत्न केला. तो कानाशीच अडला. तेव्हा गयाशेजारची पोरगी उठली, गुडघ्यावर हात न टेकता उठली, पुढे गेली, आणि आजोबांच्या डोक्यावरून नसलेला मुकुट दोन्ही हातांनी उचलून तिनं खाली जमिनीवर ठेवला.

वामनरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

गयानं त्या दिवशी भावाच्या कीर्तनात पहिल्यांदा डोळे पुसले नाहीत. ती नुसती बघत राहिली, दोघांकडे.

आख्यान इथं संपलं. वामनराव आणखी दोन चैत्र जगले, झोपेत गेले. आर्वी पुढे शिकली, मोठी झाली. तिचं औषध अजून तळेगव्हाणहूनच येतं.

आता एवढंच मागणं आहे. आज, तुम्ही इथं बसला आहात तेव्हा, तो माणूस कुठंतरी तरणाताठा आहे, तोंडाला रंग लावतोय, आणि त्याच्याकडे दम भरपूर आहे. तुम्ही कीर्तनाला जाल, शेवटी जयजयकार होईल, सगळी नावं घेतली जातील. त्या गलक्यात, ओठ न हलवता, एक नाव जास्तीचं घ्या. वामन खोत, राजपार्टी. त्याला आठवा.